तेरा जातींची द्राक्षं आणि काटोलची जंभेरी

गेल्या अंकात या सदरात मी दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-दु-पाप या गावच्या रेड वाइनबद्दल लिहिलं होतं. रोन नदीच्या खोऱ्यातलं हे गाव, तिथली 'शातो द बोकास्तेल' ही बाग १९०९ पासून ती कसणारं पेराँ कुटुंब आणि अमेरिकी मुळांवर बांधलेली फ्रान्सची द्राक्षवेल, असा तो विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांत वाइन पिणाऱ्यांपेक्षा संत्रा लावणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत. नागपुरात खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड) आणि कलम म्हटलं की माणसं लिहायला बसतात. फळबागशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मला याचा फार आनंद झाला. पत्रं लांब होती, म्हणून त्यांतला प्रश्नाचा भाग तेवढा देते आहे.

प्रश्न : माझा मुलगा लिऑनला नोकरीला आहे. दिवाळीत येताना त्यानं बोकास्तेलची लाल वाइन आणली. तो म्हणतो, ही एका कुटुंबाची पाच पिढ्यांची वाइन आहे. ताई, पाच पिढ्या म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे मिठाईच्या दुकानावरही स्थापनेचं साल लिहितात. घराणं जुनं असलं म्हणून वाइन चांगली होते का? — एक वाचक भगिनी, धरमपेठ

तुमची शंका रास्त आहे. पाच पिढ्यांनी नुसतं नाव चालवलं असेल तर त्याची किंमत पाटीएवढीच. पाहायचं ते हे, की प्रत्येक पिढीनं असं काय केलं ज्याचं पुरतं फळ तिला स्वतःला मिळणार नव्हतं. पेराँ कुटुंबाबद्दल मला आदर वाटतो तो याच कारणानं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बोकास्तेल हे पेराँ मंडळींचं आडनाव नाही. १५४९ साली पिएर द बोकास्तेल नावाच्या सरदारानं कूर्तेझों गावाजवळ कूदुले इथे एक कोठार आणि त्याभोवतीची जमीन घेतली, त्यावरून ते नाव पडलं. पेराँ घराण्याचा संबंध आला तो साडेतीनशे वर्षांनंतर. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं या भागातल्या बागा उजाड केल्या (तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात), आणि १९०९ मध्ये पिएर त्रामिए यांनी ही जागा विकत घेतली. त्यांच्यानंतर ती जावयाकडे, पिएर पेराँ यांच्याकडे आली. म्हणजे आज ज्या आडनावानं ही वाइन ओळखतात, ते लेकीच्या सासरचं आहे. आपल्याकडे सातबाऱ्यावर लेकीचं नाव चढवायचं म्हटलं की अजून घरोघरी तोंडं उतरतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पुढच्या पिढीतले झाक पेराँ हे माझ्या मते या घराण्यातले सर्वांत मोठे. १९५० साली त्यांच्या बागेनं रासायनिक खतं आणि कीटकनाशकं सोडली. तो काळ डोळ्यांसमोर आणा. युद्ध संपून पाचच वर्षं झालेली, सगळा युरोप उत्पादन वाढवायच्या मागे लागलेला. तेव्हा सेंद्रिय मालाला वेगळा बाजार नव्हता, की दोन पैसे जास्त मिळतील म्हणून कुणी तिकडे वळावं. १९७४ पासून तर ही बाग बायोडायनॅमिक पद्धतीनं चालते. शेणखत, वनस्पतींचे अर्क आणि चंद्राच्या कला पाहून केलेली कामं, अशी ती पद्धत. त्यातलं चंद्राचं गणित मला पटत नाही आणि ते मी विद्यार्थ्यांना कधी शिकवलंही नाही. पण सत्तर-पंचाहत्तर वर्षं जमिनीत कुजलेलं खत जात राहिलं आणि विष गेलं नाही, तर त्या मातीत काय जिवंत राहतं हे समजायला चंद्राची गरज लागत नाही.

झाक पेराँ यांच्या नावाशी जोडलेलं दुसरं काम तळघरातलं. द्राक्षाच्या सालीवर अशी विकरं (एन्झाइम) असतात, की रस हवेत आला की तो लवकर बिघडायला लागतो. ते टाळायला वाइनवाले सल्फर डायऑक्साइड घालतात. बोकास्तेलमध्ये द्राक्षांच्या साली अगदी थोडा वेळ ८० अंश सेल्सियसपर्यंत तापवून लगेच थंड करायची रीत बसवली. विकरं निकामी होतात, सालीतला रंग आणि वास मोकळा होतो आणि सल्फर कमी घालावं लागतं. ही रीत या घरात अजून चालू आहे.

आता तेरा जातींचं. शातोनफ-दु-पापच्या नियमांत परंपरेनं तेरा जातींची द्राक्षं बसतात. बहुतेक बागायतदार त्यांतल्या ग्रनाश या एकाच जातीवर मुख्य भिस्त ठेवतात, कारण ती उष्णता आणि वारा सोसते आणि साखर भरपूर धरते. बोकास्तेलनं मात्र तेराही जाती राखल्या: ग्रनाश, मूर्वेद्र, सिरा, सँसो, कूनवाज, व्हाकारेझ, मुस्कार्दां, तेरे, पिकपूल, क्लॅरेत, बूरबूलांक, रूसान, पिकार्दां. त्यांच्या लाल वाइनमध्ये ग्रनाश आणि मूर्वेद्र जवळपास बरोबरीनं असतात, हे त्या गावात वेगळंच आहे. मूर्वेद्र उशिरा पिकते, तिला ऊन भरपूर लागतं. ती कच्ची राहिली तर वाइन तुरट आणि कोती होते, पिकली तर खोल आणि टिकाऊ होते. बाकीच्या लहान जातींचा वाटा थोडा असतो, पण कूनवाजसारखी जात आंबटपणा राखते आणि मद्यार्क फार चढू देत नाही. गेल्या काही दशकांत तिकडचे उन्हाळेही तापू लागलेत, तेव्हा आजोबांनी हौसेनं राखलेली ही बारीकसारीक द्राक्षं नातवंडांच्या कामाला येताहेत. प्रत्येक जात आपल्या वेळेला पिकते, म्हणून तोडणी आठवडे चालते. ती हातानंच करावी लागते, यंत्राला त्या गावात परवानगी नाही. प्रत्येक जातीचा रस वेगळा आंबवतात, मग चाखून चाखून मिसळ ठरवतात आणि ओकच्या भल्यामोठ्या पिंपांत साधारण वर्षभर ठेवतात.

झाक पेराँ १९७८ मध्ये गेले. त्यांच्या झाँ-पिएर आणि फ्राँस्वा या मुलांनी १९८९ च्या उत्तम हंगामात, मुख्यतः जुन्या मूर्वेद्रची एक वेगळी वाइन काढली आणि तिला वडिलांचं नाव दिलं. ती दर वर्षी निघत नाही, हंगाम तसा साधला तरच काढतात. आता त्यांचीही मुलं कामात आहेत.

भाची आव्हिन्योंला शिकत होती तेव्हा मी शातोनफच्या बागांमधून फिरले. तिथली जमीन पाहिली की वेल जगते कशी असा प्रश्न पडतो. माती दिसतच नाही. मुठीत न मावणारे गुळगुळीत, तांबूस गोटे, कुठे कुठे घोट्यापर्यंत पाय रुतेल इतके. रोन नदीनं प्राचीन काळी वाहून आणलेले. सूर्य मावळल्यावर मी एक गोटा उचलला, तो खालच्या बाजूनंही कोमट होता. दिवसाचं ऊन ते धरून ठेवतात आणि रात्री वेलीला देतात, शिवाय त्यांच्या खालच्या चिकणमातीतली ओल उडू देत नाहीत. वरून मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. टोपी डोक्यावर ठरत नाही, पण पानांवर बुरशीही ठरत नाही. रसायनाशिवाय बाग राखायचं धाडस त्या वाऱ्याच्या भरवशावर होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. ओल्या हवेच्या प्रदेशात कुणी हेच करायला गेलं तर त्याला दुप्पट कष्ट पडतील.

एक गोष्ट एकट्या कुटुंबाची नाही, तीही सांगायला हवी. पहिल्या महायुद्धानंतर या गावाच्या नावानं कुठलीही वाइन खपवली जायची. तेव्हा १९२३ मध्ये बॅरन ल रवा या वकिलाच्या पुढाकारानं गावच्या बागायतदारांनी स्वतःवरच नियम घालून घेतले: कोणत्या जमिनीत वेल लावायची, कोणत्या जाती, किती मद्यार्क. लॅव्हेंडर आणि रानओवा जिथे आपोआप उगवतात तीच कोरडी जमीन द्राक्षाची, असा एक निकष त्यात होता. १९३६ मध्ये फ्रान्सनं नावाला कायद्याचं संरक्षण दिलेल्या पहिल्या काही वाइन्समध्ये ही होती. नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ मध्ये. मानांकन आलं, पण आपण आपल्यावर नियम अजून घालून घेतलेले नाहीत.

प्रश्न : मॅडम, आमची तीन पिढ्यांची संत्र्याची बाग आहे. तुम्ही लिहिलं का फ्रान्सची द्राक्षवेल अमेरिकेच्या मुळावर उभी आहे. हे आमच्या जंभेरीवरच्या संत्र्यासारखंच झालं ना? मंग मुळं परकी असल्यावर फळाची चव बदलत नाही का? आणि अशा वेलीला 'आमच्या घराण्याची' म्हणणं बरोबर आहे का? — एक बागायतदार, काटोल

भाऊ, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. हो, अगदी तसंच आहे. जंभेरीचं, म्हणजे खुंटासाठी लावायच्या जाडसालीच्या लिंबाचं, रोप वाढवून त्यावर आपण संत्र्याचा डोळा भरतो, तसंच तिकडे अमेरिकी रानद्राक्षाच्या खुंटावर ग्रनाश किंवा मूर्वेद्र बांधतात.

फिलॉक्सेरा ही माव्याच्या नात्यातली, जेमतेम दिसणारी पिवळसर कीड. १८६० च्या दशकात अमेरिकेहून हौसेनं आणलेल्या वेलींबरोबर ती फ्रान्समध्ये उतरली, आणि पहिला मोठा तडाखा रोनच्या खालच्या खोऱ्यालाच बसला. वेली वाळायच्या, उपटल्या तर मुळं कुजलेली, पण कीड कुठेच नाही. १८६८ साली माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सोबत्यांनी मेलेल्या वेली सोडून शेजारच्या हिरव्यागार वेली खणल्या, तेव्हा मुळांवर ती लाखोंनी सापडली. वेल मरायच्या आत कीड पुढच्या वेलीवर सरकलेली असते. मी विद्यार्थ्यांना बागेत नेलं की हेच सांगत असे: वाळलेल्या झाडापाशी घोळका करू नका, त्याच्या शेजारचं झाड पाहा. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लागलेल्या बागेतही हेच करावं लागतं.

फ्रान्स सरकारनं उपायासाठी तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं होतं. लोकांनी शेतं पाण्याखाली बुडवून पाहिली, जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून पाहिलं. शेवटी उपाय सापडला तो जिथून कीड आली तिथलाच. अमेरिकेच्या वेलींनी या किडीबरोबर हजारो वर्षं काढलेली, त्यामुळे कीड चावली तरी त्यांची मुळं जखमेभोवती बुचासारखा थर धरतात आणि कूज आत जात नाही. म्हणून मुळं अमेरिकेची, वरची वेल फ्रान्सची. तिथल्या जुन्या बागायतदारांना हे सहज पटलं नाही. बक्षीस मात्र कुणालाच दिलं गेलं नाही.

आता चवीचं. जात बदलत नाही. जंभेरीवर बांधला म्हणून संत्रा लिंबासारखा लागत नाही. पण खुंट किती पाणी ओढतो, झाड किती माजतं, फळ कधी तयार होतं, साखर किती भरते, यावर त्याचा हात असतो. तुमचा स्वतःचा अनुभव आठवा. जंभेरीवरचं झाड जोमदार वाढतं, फळ मोठं येतं, पण गोडी आणि रसाच्या दर्जात ते थोडं मागे पडतं आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूनं होणाऱ्या मूळकुजीला लवकर बळी पडतं. रंगपूर लाइम हा दुसरा खुंट पाण्याचा ताण जास्त सोसतो आणि त्या रोगापुढेही जंभेरीपेक्षा बरा टिकतो. द्राक्षातही खुंटांच्या अशाच जाती आहेत, चुनखडीच्या जमिनीला एक, कोरड्या जमिनीला दुसरी.

माझ्या वडिलांचा कलमाचा चाकू माझ्याकडे आहे. पातं घासून घासून अर्ध्यावर आलंय, मुठीच्या मागे साल उचलायला हाडाची चपटी पट्टी आहे. ते जमिनीपासून वीतभर वर डोळा भरायचे आणि गड्यांना बजावायचे, की आळं करताना त्या गाठीवर माती चढवायची नाही. गाठ पुरली गेली तर संत्र्याच्या खोडाला ओल लागते आणि डिंक्या आत शिरतो. द्राक्षाच्या बागेत हीच ताकीद आहे. गाठीवर माती चढली तर वरची फ्रेंच वेल स्वतःची मुळं सोडते, आणि त्या मुळांना फिलॉक्सेरा खाते.

'घराण्याची' म्हणावं का, याला माझं उत्तर ठामपणे हो असं आहे. बोकास्तेलच्या मंडळींनी १९८९ मध्ये रॉबर्ट हास या अमेरिकी मित्राबरोबर कॅलिफोर्नियात टाब्लस क्रीक नावाची बाग उभारली. त्यासाठी स्वतःच्या बागेतल्या काड्या तिकडे नेल्या. अमेरिकेच्या विलगीकरण केंद्रात त्या काड्या काही वर्षं तपासणीखाली अडकून पडल्या, मग कुठे त्यांची रोपं लावता आली. ज्या देशानं मुळं दिली त्याच देशात यांच्या वेलीची काडी गेली. काडी निवडणं, रोगमुक्त राखणं आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं थांबणं, हे त्या घराण्याचं स्वतःचं आहे. तुमच्या आजोबांनी ज्या झाडावरून डोळे घेतले, ते झाड त्यांनी निवडलं होतं ना? तोच तुमचा वारसा.

प्रश्न : अशी बाटली नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवली तर चालेल का? 'रूम टेम्परेचर'ला प्या म्हणतात. आमची खोली मे महिन्यात भट्टी असते. शिवाय मागे एक जुनी फ्रेंच बाटली उघडली तर चामड्यासारखा, गोठ्यासारखा वास आला. सासरे म्हणाले, खराब झाली, ओता. — वाचक, प्रतापनगर

कपाटात अजिबात नको. तिकडची तळघरं १२-१४ अंशांवर असतात, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. एका मे महिन्यात वाइन शिजते. बूच वर सरकतं, कडेनं चिकट ओघळ येतो आणि चव उकळलेल्या मनुकांची होते. कूलरच्या झोतात ठेवूनही भागत नाही, रात्री कूलर बंद झाला की खोली परत तापते. वाइनसाठीचं वेगळं कपाट नसेल तर मार्च ते जून बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. वर्षानुवर्षांसाठी फ्रिज हवा त्यापेक्षा थंड आणि कोरडा असतो, पण नागपूरच्या चार महिन्यांसाठी दुसरा मार्ग मला दिसत नाही.

'रूम टेम्परेचर'ची सूचना घर गरम ठेवायची यंत्रणा नसलेल्या जुन्या, गार दगडी फ्रेंच घरांसाठी होती. अशी वाइन १६ ते १८ अंशांवर प्यावी. उन्हाळ्यात फ्रिजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ती तिथवर येते. डिसेंबरात बाहेर ठेवलेली बाटलीही चालते.

वासाचं सांगायचं तर, मूर्वेद्र जास्त असलेल्या जुन्या वाइनला चामड्याचा, रानाचा वास असतोच. ब्रेटानोमायसीस नावाच्या एका यीस्टमुळेही तो येतो, आणि बोकास्तेलच्या जुन्या बाटल्या यासाठी ओळखल्या जातात. काहींना तो आवडतो, काहींना मुळीच नाही. मला थोडा आवडतो. ग्लासात ओतून अर्धा तास थांबा. वास हलका झाला आणि मागून फळ आलं तर वाइन उत्तम आहे. शिरक्याचा झणका किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र सासऱ्यांचं ऐका. तळाशी गाळ असेल तर घाबरू नका, बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा.

प्रश्न : सावजी मटणासोबत ही वाइन कशी लागेल? — महाल

वाईट लागेल. मिरचीच्या तिखटावर १४-१५ टक्के मद्यार्क आणि सालीचा तुरटपणा आला की जीभ पेटते, मग ना मसाल्यातली खसखस कळते ना वाइन. सावजीबरोबर मठ्ठाच. या वाइनला भाजलेलं मटण हवं, लसूण-मिऱ्याचं, रश्शाशिवाय. शाकाहारी घरात चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची बेतानं घालून. त्या धुराच्या वासाशी मूर्वेद्र फार छान जुळते. कोथिंबिरीची सांबारवडीही चालेल, सोबतची आंबट-तिखट कढी बाजूला ठेवा.

प्रश्न : आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही. माझं माहेर वर्ध्याचं. संसारी माणसांच्या मासिकात दारूचं कौतुक कशाला, असं वाटलं म्हणून लिहिते. राग मानू नये. — एक आजी, मनीषनगर

आजी, राग कसला, तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं मी आमच्याच गावात पाहिली आहेत आणि वर्धा जिल्ह्यातली दारूबंदी ज्या भावनेतून आली, तिचा मला आदर आहे. वाइन हृदयाला चांगली असते असं सांगून कुणी तुमच्या नातवाला ग्लास देत असेल तर ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. या सदरात मी 'प्या' असं लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. जे पितात त्यांनी कायदा पाळावा. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, आणि इथून वर्ध्याला पाहुणचाराला जाताना बाटली पिशवीत टाकू नये, तो गुन्हा आहे.

मी लिहिलं ते शेतीबद्दल. एका कुटुंबानं तेच शिवार शंभरहून अधिक वर्षं कसलं, विष न घालता राखलं, बारीक जाती उपटून टाकल्या नाहीत. ही हकीकत द्राक्षाच्या रसाची असती तरी मी तेवढ्याच आस्थेनं लिहिली असती. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरात ती वाचली जावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. नरखेडजवळ आमची संत्र्याची बाग आहे, झाडं म्हातारी झालीत. बाबा आणि काका म्हणतात, वाटणी करून टाकू, मग ज्यानं त्यानं पाहावं. त्या फ्रेंच घरात इतक्या पिढ्या बाग फुटली कशी नाही? — पुण्याहून

फ्रान्समध्येही वारसाहक्काचा कायदा मुलांना समान वाटाच देतो, १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेपासून. बूर्गोन्य (बर्गंडी) भागात त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. क्लो द व्हूजो ही एका कुंपणातली सुमारे ५० हेक्टरची बाग आज ऐंशीएक मालकांत विभागलेली आहे. कुणाकडे काही ओळी, कुणाकडे त्याहून कमी. काहींची वाइन अप्रतिम असते, काहींची सामान्य, आणि कुंपणावरचं नाव तेच.

पेराँ कुटुंबानं मालकी एकत्र ठेवली आणि कामं वाटून घेतली. भावांनी, मग चुलतभावंडांनी. दुसरं, उत्पन्नाला जोड शोधली. १९७० मध्ये झाँ-पिएर पेराँ यांनी 'ला व्हिएय फेर्म' नावाची स्वस्त, रोजच्या जेवणातली वाइन काढली. तिला बोकास्तेलची द्राक्षं लागत नाहीत. मुख्य बागेच्या वाइनचा दर्जा खाली आणून ती विकायची पाळी येऊ नये म्हणून ही दुसरी वाट त्यांना उपयोगी पडली, असं मी समजते. त्यांच्या जमिनीचेही दोन तुकडे आहेत, मधून ए-७ महामार्ग जातो. पलीकडच्या कूदुलेच्या द्राक्षांना शातोनफचं नाव लावता येत नाही, म्हणून तिची वाइन वेगळ्या नावानं, कमी किमतीत विकतात. दोन्ही तुकडे कसतात मात्र सारख्याच काळजीनं.

तुमच्या घरात काय ठरवायचं ते मी सांगू शकत नाही. बाबा-काकांमधलं मला काही माहीत नाही. पण वाटणी असो वा नसो, एक काम आधी करा. आठवडाभर सुटी काढून बाबांसोबत ओळीनं झाडं तपासा आणि वहीत लिहा: झाडाचं वय, खुंट कोणता, डिंक्या आहे का, गाठीवर माती चढली आहे का, मागच्या आंबिया बहाराला फळं किती धरली. बाबांना प्रत्येक झाड ठाऊक असतं आणि ते कागदावर कुठेच नसतं. माती आणि पानं तपासून घ्या, अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन वही दाखवा. सगळी बाग एकदम काढायची गरज बहुधा पडणार नाही. जी झाडं गेली त्यांच्या जागी रंगपूर लाइमवरची, परवानाधारक रोपवाटिकेतली कलमं लावा. त्यासाठी पाऊण मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावे लागतात, म्हणजे मृगाचा पाऊस पडला की लागवड होते. मेच्या सुटीत आलात तर हे जमेल. वहीचं पहिलं पान झालं की मला पाठवा, मी पाहते.